गिनी पिगचं खच्चीकरण, नाशिक: काही महिन्यांनंतरचा अनुभव (वजनकाट्याबद्दल जरा जास्तच)

“आमच्या सेवेला रेटिंग द्या” असा मेसेज क्लिनिककडून पुन्हा आला. ऑपरेशन पावसाळ्यात झालं, आता उन्हाळा तोंडावर आलाय, तरी यांचे मेसेज चालूच. देते रेटिंग. पण तारे टेकवून मोकळं होण्याइतकं हे प्रकरण सोपं नाही. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे आणि कौतुकही, आणि दोन्ही अर्धवट वाचलं जातं.

गिनी पिग पाळणाऱ्यांना पार्श्वभूमी सांगायची गरज नाही, तरी थोडक्यात. शेंगू आणि बुंदी. दुकानदाराने “दोन्ही माद्या आहेत ताई, बिनधास्त न्या” म्हणून दिल्या. बुंदीला तीन पिल्लं झाल्यावर बिनधास्तपणा संपला. यांची पिल्लं डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊनच येतात, एक-दोन दिवसांत कोथिंबीर कुरतडायला लागतात, त्यामुळे घरात सगळे खूश. मी नव्हते. गिनी पिगची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. म्हणजे शेंगूला त्याच दिवशी वेगळं केलं नाही, तर साधारण ५९ ते ७२ दिवसांनी पुढची पंगत. सासूबाई सिन्नरच्या, माहेरी गाईगुरं. त्यांनी चहा पिता पिता निकाल दिला, “खच्ची करून टाका त्याला, एवढा विचार कसला?”

मी आधी दुसऱ्या पिंजऱ्याचा हिशोब केला. पिंजरा ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतो, हे खरंच आहे. पण हा प्राणी कळपातला. स्वित्झर्लंडमध्ये २००८च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार गिनी पिगला एकटं ठेवायलाच परवानगी नाही. आपल्याकडे असा नियम नाही, पण एकटा शेंगू जाळीला तोंड लावून रात्रभर शिट्ट्या मारायचा आणि सकाळी सातची शिफ्ट मला होती. मादीपेक्षा नराचं ऑपरेशन छोटं, पोट उघडावं लागत नाही, म्हणून नंबर त्याचा लागला.

आता काट्याकडे येते.

मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर काम एकच: मोजमापाचं साधन त्या मापासाठी लायक आहे का, हे बघणं. पहिल्या क्लिनिकमध्ये शेंगूला कुत्र्यांच्या फरशीएवढ्या काट्यावर ठेवलं. आकडा आला ०.९ किलो. घरी निघताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ८४७ ग्रॅम होता. मी वाकून काट्याची पाटी वाचली. व्यापारासाठी मान्यता असलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाटीवर तीन गोष्टी असतात: मॅक्स (जास्तीत जास्त वजन), मिन (कमीत कमी वजन) आणि ई. ई म्हणजे काटा तपासताना धरलेला ग्रॅमचा टप्पा, बहुतेक साध्या काट्यांत मोजण्याचा टप्पाही तोच. अशा मध्यम अचूकतेच्या काट्याचं किमान वजन ईच्या वीसपट. तिथे ई होतं १०० ग्रॅम, म्हणजे मिन २ किलो. दोन किलोखालचं काहीही त्या काट्यावर मोजणं म्हणजे अंदाजपंचे. आणि या अंदाजपंचे आकड्याला गुणून भुलीचं इंजेक्शन भरणार!

सराफ बाजारात चिमूटभर सोन्याच्या चमकीला मिलिग्रॅमचा काटा असतो, आणि इथे जिवंत जनावराला धान्याच्या गोणीचा.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की पाचपन्नास ग्रॅमने एवढा फरक पडत नाही, औषधाच्या मात्रेत तेवढी जागा असते. बहुतेक बरोबर असावेत. मला पटलं नाही. वर काउंटरवरच्या मुलीने छापील कागद दिला: “ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा.” हा कागद कुत्र्यामांजरांसाठीचा. भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. गिनी पिगला उलटी करताच येत नाही. उलट रात्रभर पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, आणि ऑपरेशन झकास होऊनही प्राणी दोन दिवसांनी जाऊ शकतो. यांचं खाणं फार तर थोडा वेळ काढतात, तेही गालात चघळलेला चारा राहू नये म्हणून, आणि भूल देण्याआधी तोंड पाण्याने धुऊन घेतात. मी कागद परत केला आणि रिक्षा पकडली.

मुंबईला न्यावं असंही घरात बोलणं झालं. परळच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलपर्यंत जायचं म्हणजे कसारा घाट, टोल, डिझेल, एक रजा, आणि येताना ताज्या टाक्यांचा प्राणी मांडीवर. नको म्हटलं.

दुसरं क्लिनिक म्हणजे हेच, मेसेजवालं. तपासणी फी कुत्र्याला ५००, आमच्या शेंगूला ८००. बोर्डावर “एक्झॉटिक” (कुत्र्यामांजरांखेरीजचे पाळीव प्राणी) म्हणून वेगळी ओळ. ८४७ ग्रॅमच्या प्राण्याला तीस किलोच्या लॅब्रेडॉरपेक्षा जास्त पैसे, हे पचायला वेळ लागला. पण आत गेले आणि टेबलावर छोटा काटा, त्यावर प्लॅस्टिकची टोपली, तिचं वजन वजा करून (टेअर) शून्य. शेंगू ८४९. घरच्या काट्याशी दोन ग्रॅमचा फरक, तोही वाटेत खाल्लेल्या सिमला मिरचीचा असेल. मी तिथल्या तिथे पाच तारे देऊन मोकळी झाले, मनात.

डॉक्टरांशी बोलणंही नीट झालं. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भुलेतल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. त्यात कुत्र्यांचं प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांचं ०.२४, सशांचं १.३९ आणि गिनी पिगचं ३.८. मी तो आकडा वहीत लिहून नेला होता. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, त्यात आजारी प्राणीही आहेत, आकडा जुना आहे, तुमचा प्राणी तरुण आणि धडधाकट आहे, तरी शून्य धोका मी लिहून देणार नाही. मग अडचण कुठे असते ते सांगितलं. गिनी पिगच्या घशात मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेला असतो, मधे एवढंसं भोक. कुत्र्यासारखी श्वासनळी सहज घालता येत नाही, म्हणून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू बहुधा मास्कनेच देतात. शिरा केसाएवढ्या, सलाइन लावणं जिकिरीचं. आणि अंग लहान असल्याने ऊब झपाट्याने जाते. मशीनपेक्षा जास्त लक्ष तापमानाकडे ठेवावं लागतं. त्यांच्याकडे गरम पॅड होता आणि शिवाय कोमट पाणी भरलेले रबरी हातमोजे दोन्ही बाजूंना. हा जुगाड मला फार आवडला. बिलात मात्र “वॉर्मिंग” म्हणून ३०० रुपये आले. पॅडचे म्हणा, मोज्यातल्या पाण्याचे नको.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नर गिनी पिगमध्ये जांघेतला मार्ग आयुष्यभर उघडाच राहतो, वृषण आतही ओढले जातात, त्यामुळे तो मार्ग बंद केला नाही तर आतडं खाली उतरू शकतं. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसं केलं. दुपारी शेंगू शुद्धीवर, संध्याकाळी घरी. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, भरवायला सुईविना सिरिंज. रिकव्हरी फूडचं विदेशी पाकीट घेतलं नाही, किंमत बघूनच खाली ठेवलं. त्याचे रोजचे पेलेट (खाद्याच्या सुक्या गोळ्या) भिजवून, मिक्सरला लावून, वर पेरूचा गर. यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून पेरू आणि सिमला मिरची एरवीही चालूच असते. डॉक्टरांना विचारलं, ते चालेल म्हणाले.

आणि इथे माझं काट्याबद्दलचं मत थोडं सरकलं. भुलेसाठी ग्रॅमचा काटा हवा म्हणून मी भांडत होते, पण त्याचा खरा उपयोग नंतरच्या दिवसांत झाला. गिनी पिग दुखणं दाखवत नाही. कोपऱ्यात बसतो, चारा तोंडात धरून ठेवतो, आपल्याला वाटतं खातोय. काटा खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ८३१, तिसऱ्या दिवशी ८२२, मग ८२६, तिथून वर. फ्रिजवर तक्ता लावला होता, सासूबाईसुद्धा सकाळी आधी तो बघायच्या. माझा ३९९ रुपयांचा काटा, कणीक मोजायला घेतलेला. कुत्र्यांच्या काट्यावर हे सगळे दिवस ०.८ असेच दिसले असते.

तेव्हा रेटिंग मागितलं असतं तर पाच.

साधारण दीड आठवड्याने एका बाजूला गाठ लागली. रविवार. क्लिनिकचा फोन वाजून बंद. जवळच्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी अमॉक्सिसिलिनचे थेंब लिहायला घेतले. गिनी पिगला पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडाने देत नाहीत. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि प्राणी जाऊ शकतो. मी नको म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तुम्हीच लिहा.” पाळणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी पाठ करावी, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

सोमवारी क्लिनिकमध्ये. पू झालेला. यांचा पू पातळ नसतो, घट्ट, चक्क्यासारखा, आपोआप वाहून जात नाही. भोक पाडून धुवावा लागला. कारण विचारलं तर कळलं, ऑपरेशननंतर तिथल्या मदतनिसाने त्याला लाकडाच्या भुशावर ठेवलं होतं, आणि घरी सोडताना मला “भुसा चालेल” सांगणाराही तोच. नर चालताना जखम जमिनीवर घासते, भुशाचे कण टाक्यांत जातात. टाके असेपर्यंत खाली स्वच्छ टॉवेल किंवा वर्तमानपत्र, एवढं साधं. डॉक्टरांनी ते मान्य केलं. काउंटरने मात्र पुन्हा ८०० रुपये लावले, कारण पॅकेजमध्ये एकच फॉलोअप. मी म्हटलं, भुसा तुमचा, पू आमचा आणि फी पण आमची? आवाज चढला, बाकावरचा एक पग भुंकायला लागला. शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन फी काढायला लावली. औषधाचे पैसे दिले, ते रास्त होते.

पण खरा झटका वेगळाच. त्या दिवशी छोट्या काट्याचे सेल संपले होते. शेंगूला कुत्र्यांच्या काट्यावर ठेवलं. केसपेपरवर ०.८. त्यावरून एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची मात्रा काढायला लागले. “काटा आहे ना तुमच्याकडे?” “आहे मॅडम, सेल नाहीत.” दोन पेन्सिल सेल! एक्झॉटिक म्हणून वेगळी ओळ लावता, गरम पाण्याचे ३०० घेता, आणि चाळीस रुपयांचे सेल नाहीत. मी बाहेर पडून किराणा दुकानातून आणले, घातले, ८३८ आलं, तो आकडा खोडून दुरुस्त करून घेतला. सेल तिथेच ठेवून आले. बिलातून वजा करा म्हटलं, हसले सगळे. वजा केले नाहीत.

त्यानंतर जाताना घरचा काटा पिशवीत असतो.

आताची परिस्थिती. ऑपरेशननंतर लगेच नर-मादी एकत्र ठेवायचे नाहीत, काही आठवडे शुक्राणू शिल्लक असतात. आम्हाला सहा आठवडे थांबायला सांगितलं, तेवढे थांबलो. नंतर दोघं एकत्र, अजून पिल्लं नाहीत. ज्यांना वाटतं खच्चीकरणाने नर शांत होतो, त्यांच्यासाठी: आमचा झाला नाही. अजून घुरघुरत बुंदीभोवती कंबर हलवत फिरतो, ती त्याच्या तोंडावर लाथ मारते. पिंजऱ्याचा वासही तोच. पिल्लं थांबवण्यासाठी ऑपरेशन, स्वभावासाठी नाही. टाक्यांच्या जागी केस पुरते आलेत, वजन ९३० च्या आसपास. चाऱ्यात लसूणघास बंद केला. मोठ्या प्राण्याला त्यातल्या कॅल्शियममुळे मुतखडा होऊ शकतो. साधं वाळलं गवत दिंडोरी रोडच्या एका गोठ्यातून गोणीने मिळतं, दुकानातल्या पाकिटाच्या निम्म्याहून कमी पैशात.

एकूण खर्च सांगते, कारण कोणीच सांगत नाही. तपासणी, ऑपरेशन, भूल, औषधं आणि त्या गळवाचं मिळून सात हजारांच्या थोडं वर. डॉक्टरांच्या हाताला पाच तारे. भुलेला पाच. काउंटरला एक. भुशाला शून्य, पण आता तिथे पिंजऱ्यात टॉवेल दिसतात. सरासरी काढली तर तीनच्या खाली येते, पण शेंगू जिवंत आहे आणि नाशिकमध्ये दुसरीकडे मी त्याला भूल देऊ देणार नाही, म्हणून चार.

बुंदीचं आता बघायचंय. वय वाढलं की माद्यांच्या अंडाशयात गाठी होतात, हे यांच्यात सर्रास आहे. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाल्यासारखे वाटतात. सोनोग्राफीचा आकडा विचारलाय. त्यातही एक्झॉटिकची ओळ असणार आहे म्हणे.