वागळे इस्टेटमधील होस्टिंग सेवा : फाइलींच्या परवानग्यांच्या अंगाने परीक्षण

ठाण्यातील आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ आम्ही वागळे इस्टेटमधील एका लहान होस्टिंग सेवेकडे हलवले. वेग, जागा आणि बॅकअप याबाबत तक्रारीला जागा नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे : आपली स्क्रिप्ट, म्हणजे संकेतस्थळामागचा छोटा प्रोग्राम, सर्व्हरवर कोणाच्या खात्यातून चालते?

आधीच्या सेवेत सर्व ग्राहकांच्या पीएचपी भाषेतील स्क्रिप्ट अपाचे या वेब सर्व्हरच्या एकाच खात्यातून, म्हणजे डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींवर असणाऱ्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्यातून चालत असत. फाइलींची मालकी आमच्या खात्याकडे आणि त्या चालवणारे खाते मात्र दुसरेच, अशी स्थिती असल्यामुळे पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे ठेवण्याच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्टला लिहिता येत नसे आणि विचारणा केली की ‘७७७ करा’ एवढेच उत्तर मिळत असे. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर या तिघांनाही वाचणे (४), लिहिणे (२) आणि चालवणे (१) या तिन्ही गोष्टींची मोकळीक; तीन अंक याच क्रमाने त्या तिघांचे असून प्रत्येक अंक ही दिलेल्या परवानग्यांची बेरीज असते. सामायिक सर्व्हरवर असा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, कारण त्या ‘इतरां’मध्ये त्याच यंत्रावरचे अनोळखी ग्राहकही मोडतात.

नव्या सेवेत प्रत्येक ग्राहकासाठी पीएचपी-एफपीएमचा (पीएचपी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्वतंत्र पूल, म्हणजे प्रक्रियांचा वेगळा संच, असून तो त्या ग्राहकाच्याच खात्यातून चालतो. मालक आणि चालवणारा एकच असल्याने फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ एवढे पुरते, आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल तर ६०० ठेवूनही संकेतस्थळ व्यवस्थित चालते. ग्रंथसूचीत शोध घेणारी आमची पर्ल भाषेतील जुनी स्क्रिप्ट सीजीआय पद्धतीची आहे, म्हणजे वेब सर्व्हर ती स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवतो; ती येथे सुएक्झेकमार्फत, म्हणजे स्क्रिप्ट ग्राहकाच्या खात्यातून चालवणाऱ्या अपाचेच्या साधनामार्फत, चालते. स्थलांतरानंतर तिने ५०० क्रमांकाची (सर्व्हरमधील बिघाडाची) त्रुटी दाखवली, तेव्हा साहाय्य कक्षातील ताईंनी लॉग (सर्व्हरच्या नोंदी) पाहून लगेच कारण सांगितले : फाइल ७७५ होती, आणि मालकाखेरीज गटालाही लिहिण्याची मुभा असलेली स्क्रिप्ट सुएक्झेक चालवतच नाही. ७५५ करताच शोध सुरू झाला. परवानगी वाढवून नव्हे, तर कमी करून अडचण सोडवणारा साहाय्य कक्ष मला प्रथमच भेटला.

उणिवाही आहेत. स्थलांतराच्या साधनाने काही चित्रांनाही ६०० परवानगी दिली होती, त्यामुळे त्यांच्या जागी ब्राउझरमध्ये ४०३ ही प्रवेश नाकारल्याची त्रुटी दिसू लागली. पीएचपी आपल्या खात्यातून चालत असली, तरी चित्रे आणि स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइली) वेब सर्व्हर स्वतःच्या खात्यातूनच वाचतो. म्हणून त्यांना ६४४ लागते आणि वरच्या होम फोल्डरवर इतरांना निदान प्रवेशाची, म्हणजे ७११ एवढी, परवानगी असावी लागते. सेवेच्या मदतपानावर याचा उल्लेखच नाही. याहून मोठी अडचण अशी की एका योजनेत एकच लॉगिन मिळते. आमच्याकडे दोन स्वयंसेवक काम पाहतात. त्यांना वेगळी खाती व सामायिक गट दिला असता, तर पासवर्ड वाटून घ्यावा लागला नसता.

एकट्याने संकेतस्थळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला, लहान दुकानाला किंवा गृहनिर्माण संस्थेला मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. अनेक जणांनी मिळून काम करायचे असेल, तर स्वतंत्र लॉगिनांबद्दल पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.