'मावशी, आता पळ': पळायला शिकवणाऱ्या नऊ आठवड्यांच्या मोफत कार्यक्रमाबद्दल

पुण्यात पद्मावती भागात माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. वय 51. सकाळी दहा ते रात्री साडेआठ मशीनवर, मध्ये जेवायला अर्धा तास, अशी बावीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीत ऑर्डरी संपवून माहेरी गेले. घरामागचं टेकाड चढताना मला दोनदा थांबावं लागलं, आणि माझी पंचाहत्तर वर्षांची आई वर पोचून पदरानं वारा घेत माझी वाट बघत होती. ती काही बोलली नाही. पण तो दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. आमच्याकडे पळणं म्हटलं की ललिता बाबरचं नाव निघतं. मोही गावची मुलगी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळाली आणि दहावी आली. टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे होतो. त्यामुळे पळणं म्हणजे तसं पळणं, आपलं काम नव्हे, असंच मी धरून चालले होते.

त्यात दोन वर्षांपूर्वी एका व्यायामशाळेच्या सकाळच्या बॅचला तीन महिन्यांचे पैसे भरले होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मैदानाच्या चार फेऱ्या पळायला लावल्या. दुसऱ्या फेरीत कुशीत कळ आली, घशाला कोरड पडली, आणि शिकवणारा मुलगा लांबून 'चला काकू, चला' म्हणून टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण 'पळणं आपल्याच्यानं होणार नाही' हे मनात पक्कं बसलं, ते नुकसान मोठं होतं.

हे सगळं सांगितलं कारण ज्या कार्यक्रमाबद्दल मी लिहिते आहे, तो बरोबर अशाच बायकांसाठी आहे. त्याचं नाव 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत. 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या एका तरुणानं आपल्या पन्नाशीतल्या आईला पळायला लावायचं म्हणून तो आखला. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, तो उचलून धरला आणि आता जगभर माणसं तो करतात. एक पैसा लागत नाही. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं मला तो दाखवला. आईसाठी केलेलं आहे हे ऐकल्यावर मी म्हटलं, मग बघू या.

आधी डॉक्टरांकडे गेले. बीपी, साखर, ईसीजी. साखर काठावर होती, बाकी ठीक. 'पळा, पण बोलता येईल इतकंच पळा,' असं डॉक्टर म्हणाल्या. या एका वाक्याची किंमत मला नंतर कळली.

संक्रांत झाल्यावरच्या सोमवारी जवळच्या तळजई टेकडीवर सुरुवात केली. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. माझे सोमवार, बुधवार, शनिवार. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपाझप चालायचं, मग 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, पुन्हा 60 सेकंद पळायचं, अशी एकूण वीस मिनिटं. साठ सेकंद! माझ्या मशीनवर बॉबिन भरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. शिवाय प्रत्येक वेळी मागून चालणं येणारच आहे, हे माहीत असतं. म्हणून भीती वाटत नाही. व्यायामशाळेत जी भीती वाटली होती ती 'हे कधी संपणार' याची होती. इथे संपण्याची वेळ आधीच ठरलेली आहे.

अ‍ॅपमध्ये कानात सूचना येतात, पण मी घेतलेल्या अ‍ॅपमध्ये त्या इंग्रजीत होत्या आणि मला त्या घाईत कळायच्या नाहीत. भाचीनं मग तिच्याच आवाजात वीस मिनिटांची फाइल करून दिली. बरोबर वेळेला 'मावशी, आता पळ', आणि साठ सेकंदांनी 'मावशी, आता चाल. पाठ ताठ ठेव.' दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. घरात कोणी मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांना सांगाच. अ‍ॅपच्या परक्या आवाजासाठी मी थंडीत उठले असते की नाही, सांगता येत नाही. तिच्या आवाजासाठी उठले.

आता कार्यक्रमातली उणीव सांगते, कारण तिच्यामुळे माझे दहा दिवस गेले. किती वेळ पळायचं हे तो मिनिटांत सांगतो, पण किती हळू पळायचं हे माझ्यासारखीला समजेल असं सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग तीन मिनिटं पळायचं असतं. तळजईवर सकाळी पळणारे खूप. तरुण मुलं शेजारून वाऱ्यासारखी जातात. मी न कळत त्यांच्या नादानं पावलं लांब टाकायला लागले, आणि शनिवारी उजव्या पोटरीत अशी कळ भरली की खाली दगडावर बसावं लागलं. आठवडाभर मशीनचा पायटा दाबताना ती पोटरी बोलत होती.

डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. आपण वेगात पळतो तेव्हा शरीराला ऑक्सिजन पुरत नाही, साखर भराभर खर्च होते आणि दम लागतो. हळू पळतो तेव्हा ऑक्सिजन पुरतो, चरबीही वापरली जाते, आणि हृदय व बारीक रक्तवाहिन्या हळूहळू तयार होतात. दुसरी गोष्ट म्हणजे दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा तयार व्हायला महिने लागतात. म्हणजे छाती 'पळ' म्हणते तेव्हा पोटरी अजून तयार नसते. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायला सांगितलं, ते मी दुकानाच्या पायरीवर रोज करते. आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करायला सांगितलं. आठवडा परत करणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे या कार्यक्रमात कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

याच दहा दिवसांत भाचीनं एका जपानी प्राध्यापकांबद्दल सांगितलं. हिरोआकी तनाका, फुकुओका विद्यापीठातले. त्यांनी हळू पळण्याचाच अभ्यास केला. ते म्हणायचे की 'निको निको' वेगानं पळा. जपानीत निको निको म्हणजे हसतमुख. चेहऱ्यावर हसू टिकेल, गप्पा मारता येतील, इतकंच पळायचं. चालण्याइतक्या वेगानं, ताशी चार-पाच किलोमीटरनं पळालात तरी चालतं. पावलं मात्र छोटी आणि पटपट टाकायची, मिनिटाला साधारण 180, आणि टाच आपटायची नाही, पावलाच्या पुढच्या भागावर हलकं उतरायचं.

हे ऐकलं आणि मला ते लगेच समजलं, कारण ही माझ्या कामातली गोष्ट आहे. ब्लाउजच्या काखेत, जिथे ताण येतो, तिथे आम्ही मोठी टीप घालत नाही. मोठी टीप भराभर पुढे जाते पण पहिल्याच ओढीला उसवते. बारीक टीप घातली की मशीन तेवढ्याच लयीत चालतं, कापड हळू सरकतं, आणि शिवण वर्षानुवर्षं टिकते. पळण्यात मी मोठी टीप घालत होते. दुसऱ्या दिवशी तळजईवर पावलं बारीक केली. पंधरा सेकंदांत किती पडतात ते मोजलं, 45 झाली की बरोबर. आधी पावलांचा आवाज 'धप, धप' यायचा, तो कमी होत होत वाळल्या पानांवर नुसती सरसर राहिली. पोटरी परत दुखली नाही.

बोलण्याची परीक्षा मी मापं म्हणून घेते. पळता पळता त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची मापं मोठ्यानं म्हणायची. 'छाती छत्तीस, कंबर बत्तीस, उंची साडेचौदा, बाही दहा, गळा मागून नऊ.' एका दमात सगळं म्हणून झालं तर वेग बरोबर. 'कंबर' नंतर श्वास घ्यावा लागला तर मी आणखी हळू होते. एकदा शेजारून चालणारे एक आजोबा थांबून म्हणाले, 'ताई, कोणाशी बोलताय?' मी सांगितलं तर त्यांना फार आवडलं. आता भेटले की विचारतात, 'आज कोणाचं माप?'

चालणारी माणसं मला मागे टाकून जायची. एका मुलानं 'काकू, चालत गेलात तर लवकर पोचाल' असंही म्हटलं. सुरुवातीला डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. पण मी पोचायला आलेच नव्हते. मी वीस मिनिटं थकून न जाता पळायला आले होते, आणि ते मी करत होते.

पाचव्या आठवड्याबद्दल सावध करते. त्यात आधी पाच-पाच मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं, मध्ये चालणं नाही. कागदावर वाचून मी घाबरले होते. पण माझ्या वेगानं ती वीस मिनिटं आठ मिनिटांपेक्षा सोपी गेली. दहाव्या मिनिटाच्या आसपास श्वास बसतो आणि मग पाय आपलेआप चालतात. शनिवार होता, मार्चचा मध्य. तळजईवरच्या गिरिपुष्पांची पानं झडून फांद्या गुलाबी फुलांनी भरल्या होत्या. कुठेतरी मोर ओरडला. 'मावशी, झाली वीस मिनिटं' असं कानात आलं तेव्हा मी थांबले नाही, आणखी एका वळणापर्यंत गेले. मला पळणं आवडतंय, हे मला त्या वळणावर कळलं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे बायकांनी अंधारात निघायची घाई करू नये. मी सातला निघायचे, मार्चमध्ये साडेसहाला. टेकडीचा चढ मी पळत नाही, चढ म्हणजेच माझी सुरुवातीची पाच मिनिटं. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट पायांना सुखाची, पण दगड आणि मुळं बघून पाय टाका. बूट दोन हजारांच्या आतले घेतले, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून. संध्याकाळी बूट घ्यायला जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. खर्च करायचाच तर चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करा. शिवणारी बाई म्हणून सांगते, तिथे साधी ब्रा काम करत नाही, आणि अंगाला काचून वळ उठले की बायका पळणं सोडतात आणि कारण कोणाला सांगत नाहीत. कुर्ता मी होजियरीच्या कापडाचा स्वतः शिवला, दोन्ही बाजूंना लांब काप आणि मागे कमरेला चेनचा खिसा, किल्ली आणि फोनपुरता. आतापर्यंत असे चार कुर्ते गिऱ्हाइकांना शिवून दिले आहेत.

निकाल काय, असं कोणी विचारेल. मला नऊऐवजी बारा आठवडे लागले. शेवटच्या दिवशी सलग तीस मिनिटं पळाले आणि फोननं 3.4 किलोमीटर दाखवले. कार्यक्रमाच्या नावात पाच किलोमीटर आहेत, पण तीस मिनिटांत तेवढं व्हायला बरंच वेगात पळावं लागतं. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर शेवटी उगाच मन खट्टू होतं. माझे पाच किलोमीटर गुढीपाडव्यानंतर झाले, 45 मिनिटांत. वजन दोनच किलो उतरलं. पण माझी स्वतःची कंबर मी माझ्याच टेपनं मोजली, ती दीड इंच कमी भरली, आणि टेप मी सैल धरत नाही. सकाळी उठल्यावर मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचे, ती जानेवारीत 84 होती, आता 74 आहे. साखर पुढच्या महिन्यात तपासायची आहे.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण वेगाबद्दल गप्प राहिल्याबद्दल कापला. तेवढं निको निको जवळ ठेवलं तर दुसरं काही लागत नाही.

गेल्या सोमवारी एक गिऱ्हाईक फॉल लावायला साडी घेऊन आली. माझ्याच वयाची. दोन पायऱ्या चढून टेबलाला धरून उभी राहिली. मी साडी बाजूला ठेवली आणि विचारलं, 'साठ सेकंद पळाल का माझ्याबरोबर?' ती बुधवारी आली. भाचीची पहिल्या आठवड्याची फाइल माझ्या फोनमध्ये अजून होती. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. 'मावशी, आता पळ' आलं तशा दोघी निघालो, आणि मी तिला तिचंच माप म्हणायला लावलं.