शिसं पकडणाऱ्या बिस्मथच्या पट्ट्या
मी माटुंग्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेते. छापील कार्बन पट्टीवर बिस्मथ या धातूचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) बसवलेले हे इलेक्ट्रोड यंदा पाण्यातलं शिसं मोजायला घेतले आणि मनापासून आवडले. पूर्वी या कामाला पाऱ्याचा थेंब लागायचा. आता मुलांच्या हाती पारा द्यावा लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

नमुना अ‍ॅसिटेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात घ्यायचा, पीएच ४.५. आधी ऋण विभव (व्होल्टेज) देऊन शिसं पट्टीवर जमवायचं, मग विभव धन दिशेनं नेलं की उणे ०.५ व्होल्टच्या आसपास विद्युतप्रवाहाच्या आलेखात शिशाचं शिखर उठतं. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, तेवढ्यालाही ते स्पष्ट दिसतं. नळाच्या पाण्यासाठी निर्धास्त घ्या.

मिठी नदीच्या पाण्याला मात्र पंचाईत होते. तांबं असलं की शिशाचं शिखर दबतं, साबणाचे अंश पट्टीला चिकटतात. नमुना आम्लात पचवून (आम्लानं त्यातले सेंद्रिय अंश मोडून), पीएच पुन्हा जुळवून, स्टँडर्ड अ‍ॅडिशन, म्हणजे त्याच नमुन्यात शिशाची ठाऊक मात्रा घालून पुन्हा मोजणी, केल्याशिवाय मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. पावसाळ्यात पट्ट्यांचं फोडलेलं पाकीट डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. किंमत एकदाच वापरायच्या वस्तूला जास्त आहे, आणि विक्रेता लहान पाकीट देत नाही. छोट्या कॉलेजांना ते परवडणार कसं?