बंद हॉलमध्ये घेतलेली नोमॅड

जुन्या स्टेशन वॅगनच्या, म्हणजे मागे सामानाची लांब जागा असलेल्या गाड्यांच्या, प्रदर्शनात गाडी पसंत करून तिथल्या तिथे इसार द्यायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. अमेरिकेत अशाच एका इनडोअर शोमध्ये मी 1957ची शेव्हरले नोमॅड घेतली आणि पुरता फसलो.

नोमॅडचं वेड मला फार वर्षांपासूनचं. जानेवारी 1954मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात, म्हणजे एका बंद हॉलमध्येच, जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात तिचा कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या वळणाचा नमुना मांडला होता. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलांत ती शेव्हरलेच्याच बेल एअर गाडीच्या सांगाड्यावर बाजारात आली. दोनच दरवाजे, तिरका खांब, टेलगेटवर, म्हणजे मागच्या झडपेवर, क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या. 1957च्या जेमतेम 6,103 निघाल्या. म्हणून समोर दिसल्यावर मला राहवलं नाही.

गाडी लाल-पांढरी. खाली आरसे, वर पिवळसर दिवे, पाटीवर ‘ओरिजिनल व्ही-8’, म्हणजे कारखान्यातूनच आलेलं आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू करून दाखवा म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, “हॉलमध्ये परवानगी नाही हो.” यात खोटं काही नव्हतं. आगीच्या भीतीने अशा शोमध्ये बॅटरीची वायर काढून ठेवायला लावतात, टाकीत पेट्रोलही थोडंच ठेवू देतात. पण या खऱ्या नियमाच्या आडून त्याने बाकीचं सगळं झाकलं. पॉलिशवर ठसे उमटतात म्हणून दरवाजे उघडायचे नाहीत, मागची मॅट नवी आहे म्हणून उचलायची नाही. वर संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. मी 5,000 डॉलर इसार दिला आणि ‘आहे तशी’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली.

उरलेले पैसे भरल्यावर आठवड्याने गाडी ट्रेलरवरून घरी आली. उन्हात उभी केली तर टेलगेटचा लाल वेगळा, दरवाजांचा लाल वेगळा. डावं दार उघडलं. बिजागरीच्या खांबावर नंबराची पट्टी असते, तिच्यावरचा नंबर C57ने सुरू होत होता. त्या वर्षीच्या व्ही-8 बेल एअर आणि नोमॅडचा नंबर VC57ने सुरू होतो. म्हणजे ही कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली आणि व्ही-8 नंतर कोणीतरी बसवलं. सहा सिलिंडरची नोमॅडही सुंदरच असते. खरं सांगितलं असतं तर योग्य किमतीला मी तीही आनंदाने घेतली असती.

मग मॅट ओढली. ती गोंदाने चिकटवलेली होती. खालच्या स्टेपनीच्या खड्ड्यावर टिचकी मारली तर पत्र्याचा आवाजच नाही. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो पुट्टीतून आरपार जमिनीकडे गेला. मागच्या चाकांच्या कमानींना लोहचुंबक चिकटेना. वॅगनमध्ये पाणी टेलगेटच्या फटीतून आत येतं आणि याच खड्ड्यात साठतं. गंज शोधायचा तर आधी इथे, बोनेटखाली नंतर.

इसार द्यायचाच असेल तर कागदावर अट लिहून घ्या: शो संपल्यावर गाडी बाहेर उजेडात काढायची, गार इंजिन माझ्यासमोर सुरू करायचं, पट्टी वाचू द्यायची, मॅट उचलू द्यायची. यातलं एक जरी नाकारलं, तरी पैसे खिशातच ठेवा.

फोनवर विक्रेता एवढंच म्हणाला, “सही तुमचीच आहे ना?” वकिलाने पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर नाही. परवा मित्राने दुसऱ्या एका शोमधून फोटो पाठवला. तोच विक्रेता, तसेच आरसे, नवी वॅगन, आणि दारं बंद.