युंगचं विश्लेषण की सीबीटी?

नोकरी गेली, घटस्फोट झाला, मुलं घर सोडून गेली, की आधी झोप उडते. अशा वेळी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, बोलून करायचा मानसोपचार) बरी पडते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देते: साधारण १२ ते २० बैठका, घरी करायचा अभ्यास, मोजता येणारा फरक.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगचं विश्लेषण, म्हणजे नेणिवेत उतरणारा मानसोपचार, वर्षानुवर्षं चालू शकतं, खिसाही रिकामा करतं. तिथे स्वप्नं उलगडली जातात आणि ‘सावली’, म्हणजे आपणच नाकारलेला आपला भाग, समोर येऊन बसते. १९१३मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी फाटल्यावर युंग स्वतःच आतून ढवळून निघाले होते. त्यांची पद्धत बरीचशी त्यातूनच घडली.

संशोधनाचा पुरावा सीबीटीकडे जास्त, हे कबूल. पण झोप परत आल्यावरही ‘आता मी कोण?’ हे उरलंच, तर मी युंगकडे वळेन.