सोन्याची भिशी: ‘11 हप्ते तुमचे, बारावा आमचा’ ही योजना कुणाला परवडते?

सराफ बाजारातली जुनी पेढी असो की कॅनडा कॉर्नरची शोरूम, नाशिकमध्ये सोन्याच्या भिशीचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. 11 महिने ठरलेली रक्कम भरायची, बाराव्या महिन्यात दुकान एक हप्ता घालतं आणि सगळ्या रकमेचा दागिना घ्यायचा. रोख परत मिळत नाही. नाणं किंवा वेढणं बहुधा चालत नाही. हप्ता चुकला की दुकानाचा हिस्सा कमी होतो किंवा बुडतो.

आधी आकडे. 5,000चा हप्ता 1 जानेवारीला सुरू केला, अकरावा 1 नोव्हेंबरला भरला, 1 डिसेंबरला खरेदी. भरले 55,000, हाती 60,000. साध्या व्याजाने हा परतावा वर्षाला 18 टक्के पडतो. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाकले तर साधारण 56,787 होतात. इथवर भिशी सरस.

पण दागिन्याच्या बिलात मजुरी असते. भिशीच्या दागिन्याला 16 टक्के मजुरी लागली, तर 3 टक्के जीएसटी वजा जाता 60,000मध्ये प्रत्यक्ष सोनं येतं सुमारे 50,200 रुपयांचं. आरडीचे पैसे घेऊन दुसऱ्या पेढीत घासाघीस करून 8 टक्के मजुरीत घेतलंत, तर सोनं येतं 51,000च्या वर. या उदाहरणात भिशीची मजुरी 14 टक्क्यांवर गेली की दुकानाने घातलेला हप्ता दुकानातच परत गेला. 12 टक्क्यांत मिळाली, तर भिशी घ्यावी. म्हणून पहिला हप्ता भरण्याआधीच मजुरीचा दर कार्डावर लिहून घ्या. वर्ष संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही, तोवर पैसे अडकलेले असतात.

मग सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पगार झाला की इतकी माणसं बँक सोडून पेढीची पायरी का चढतात? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1985 साली मांडलेला विचार इथे नेमका लागू पडतो. खरेदीत दोन समाधानं असतात, एक वस्तूचं आणि दुसरं सौदा चांगला झाल्याचं. ‘बारावा हप्ता आमचा’ ही ओळ दुसरं समाधान पहिल्याच दिवशी देऊन टाकते. मजुरी टक्क्यांत लिहिलेली असते, ती तेवढी डोळ्यांत भरत नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आरडी मोबाइलवर दोन मिनिटांत मोडता येते. भिशी मोडली तर तोटा होतो, आणि माणूस नफ्यापेक्षा तोट्याला जास्त घाबरतो, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979मध्येच दाखवलं. ठरलेल्या तारखेपर्यंत किंवा रकमेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत असं खातं फिलिपिन्समधल्या एका प्रयोगात लोकांपुढे ठेवलं, तेव्हा चौघांपैकी एकाहून जास्त जणांनी ते आपणहून घेतलं. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या भिशांच्या 2002च्या अभ्यासाने तर असं मांडलं की विवाहित बायका भिशीत पैसे घालतात ते घरातल्या खर्चिक हातांपासून वाचवायला. आपल्याकडे वेगळं काय आहे? हे कुलूप खरोखर उपयोगी आहे आणि ज्याची शिल्लक महिनाअखेर उरतच नाही, त्याने त्यासाठी थोडी किंमत मोजणं शहाणपणाचंच. ज्याला आरडी न मोडता चालवता येते, त्याने ती किंमत का द्यावी?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला मात्र ही योजना बसत नाही. त्याचा पैसा हंगामात एकदम येतो. पावसाळ्यात हप्ते चुकतात आणि बोनस जातो.

भिशी रुपयांची की ग्रॅमची, हेही विचारा. रुपयांच्या भिशीत सोनं शेवटच्या दिवसाच्या भावाने मिळतं. वर्षभर भाव चढत गेला, तर वजन घटत जातं. ग्रॅमच्या भिशीत प्रत्येक हप्ता त्या दिवसाच्या भावाने वजनात जमा होतो. लग्नासाठी ठरावीक तोळे हवे असतील, तर ग्रॅमचीच घ्या.

खरेदीच्या दिवशी बिल ओळीओळीने वाचा. खड्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा झालं आहे का? मजुरीबरोबर ‘घट’, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी लावली आहे का? लावली असेल तर दोन्ही मिळूनच टक्का काढा, नुसती मजुरी कमी असून भागत नाही. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. तो हातातल्या दागिन्याशी जुळला पाहिजे.

शेवटचं, पण सगळ्यांत गंभीर. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, भिशीच्या हप्त्याला नाही. पेढी बंद पडली तर तुम्ही फक्त एक येणेकरी. आगाऊ रकमेचा माल 365 दिवसांत देण्याची अट कंपन्यांच्या ठेव नियमांत आहे, त्यामुळे दीड-दोन वर्षांची भिशी कुणी सुचवली तर तिथून उठा. घरातल्या लग्नाची सगळी रक्कम एकाच पेढीत ठेवू नका, आणि दर हप्त्याची शिक्का मारलेली पावती जपून ठेवा.