बिलावर सहा लिटर कूलंट, गाडीत तीनच

रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी गाळ दिसला की गाडीवाल्याला हमखास ऐकवलं जातं: ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल.’ खाली दिलेल्या प्रकरणात गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, शाबूत होतं. तो गाळ तयार झाला होता आधीच्या सर्व्हिसमध्ये, आणि त्याचेही पैसे मालकानंच भरले होते.

सहा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी, कारखान्यातून गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉल या रसायनाचं मिश्रण) भरून आलेली. सर्व्हिसच्या बिलावर दोन ओळी होत्या: ‘कूलंट फ्लशिंग’ (जुनं कूलंट धुऊन काढणं) आणि ‘कूलंट, रेडी टू यूज, ६ लिटर’ (आधीच निम्मं पाणी मिसळलेलं). मॅन्युअलमध्ये कूलिंग सिस्टिमची क्षमताही ६ लिटरच दिलेली, म्हणून मालकानं आकडे जुळले असं समजून पैसे दिले. खरं तर आकडा इतका चपखल जुळला, तिथंच विचारायला हवं होतं.

रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग उघडला की साधारण निम्मं कूलंट बाहेर येतं. उरलेलं इंजिन ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या), हीटर कोअरमध्ये (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) आणि होजमध्ये (रबरी नळ्या) अडकून राहतं. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग बऱ्याच इंजिनांत असतो, पण तो अडचणीच्या जागी असतो, कित्येकदा गंजून घट्ट बसलेला असतो, आणि सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे सहा लिटरच्या गाडीत एका दमात तीन लिटरच्या आसपासच नवं कूलंट मावतं. पूर्ण सहा लिटर ओतायचं तर इंजिन कोरडं ठणठणीत हवं. उरलेले तीन लिटर एक तर बाटलीतून निघालेच नाहीत, नाही तर दुसऱ्याच्या गाडीत गेले.

फ्लशिंगही झालं होतं, पण एकदाच आणि नळाच्या पाण्यानं. हिशोब असा. पहिल्यांदा तीन लिटर काढलं, तीन लिटर जुनं गुलाबी आत राहिलं. त्यात तीन लिटर नळाचं पाणी भरून इंजिन थोडं चालवलं. पुन्हा तीन लिटर काढलं, तेव्हा आत राहिलं दीड लिटर गुलाबी आणि दीड लिटर पाणी. वरून तीन लिटर हिरवं रेडी टू यूज. ग्लायकॉल ५० टक्के असायला हवं होतं, ते ३७–३८ टक्क्यांवर आलं. त्याहून वाईट म्हणजे जुनं गुलाबी, क्षाराचं पाणी आणि भलत्या जातीचं हिरवं हे तिन्ही आता एकाच सिस्टिममध्ये फिरत होतं.

हिरवं आणि गुलाबी यांत फरक ग्लायकॉलचा नाही. दोन्हींत बहुधा इथिलीन ग्लायकॉलच असतं. फरक असतो गंजरोधक रसायनांचा. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात सिलिकेटसारखे अजैविक क्षार असतात. ते धातूवर चटकन थर धरतात, पण दोनेक वर्षांत संपतात. ऑर्गॅनिक ॲसिडवालं कूलंट सावकाश काम करतं आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये ऑर्गॅनिक ॲसिडसोबत फॉस्फेट असतं आणि सिलिकेट टाळलेलं असतं. युरोपात बहुतेक ठिकाणी नेमकं उलट. फॉस्फेट क्षाराच्या पाण्यात मिसळलं की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरट साका धरतो. सिलिकेट द्रावणात टिकून राहतं ते योग्य पीएच आणि स्टॅबिलायझरच्या जोरावर. मिश्रणात हे दोन्ही बिघडले की सिलिकेटची जेली होऊ शकते. तिला आधी सापडतात त्या बारीक नळ्या: हीटर कोअर, मग रेडिएटर.

मात्र प्रत्येक मिश्रणाचा गाळ होतोच असं नाही, आणि मेकॅनिक याचाच फायदा घेतो. काचेच्या बरणीत दोन रंग मिसळून ‘बघा, काही झालं नाही’ असं दाखवणं सोपं आहे. बरणीत ना ॲल्युमिनियम असतं, ना नव्वद अंश तापमान, ना महिनोन्‌महिने फिरणारा पंप. गाळ झाला नाही तरी दोन्हींची गंजरोधक रसायनं निम्म्यावर येतात, आणि पाच वर्षांच्या कूलंटचं आयुष्य दोनावर येतं. हे नुकसान बाटलीत डोकावून दिसत नाही.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. तो फक्त डाय असतो. होंडाचं निळं कूलंट फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं. फोक्सवॅगनचं जुनं निळसर हिरवं जी ११ सिलिकेटवालं. याच जी ११ मध्ये मूळचं लाल जी १२ मिसळलं की तपकिरी चिखल व्हायचा. पुढं मिसळता येईल असं जी १२ प्लस आणावं लागलं ते म्हणूनच. ‘रंग तोच आहे, चालतंय’ म्हणणाऱ्याला बाटलीवरचा कोड विचारा. मॅन्युअलमध्ये स्पेसिफिकेशन लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ फोक्सवॅगनचं टीएल ७७४ आणि त्यापुढचं अक्षर. ते अक्षरासकट जुळलं पाहिजे. एएसटीएम डी ३३०६ (कूलंटचं अमेरिकी मानक) एवढाच शिक्का पुरेसा नाही, कारण वेगवेगळ्या जातींची कूलंट त्या एकाच मानकात बसतात. ‘सर्व गाड्यांना चालतं’ असं छापलेल्या बाटलीवर तुमच्या गाडीचा कोड नसेल तर ती परत द्या.

आता गॅस्केटच्या थापेबद्दल. या गाडीत आयडलिंगला हीटरमधून थंड हवा येत होती आणि चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकत होता. गॅस्केट गेल्यावरही अशी लक्षणं दिसू शकतात, म्हणून मालक सहज घाबरतो. इंजिन उघडायला हो म्हणण्याआधी चार तपासण्या मागा. एका तासाचंही काम नाही. गाळ टिश्यू पेपरवर घासा: तेल असेल तर कागदावर पारदर्शक डाग राहतो, कूलंटचा गाळ वाळून पूड होतो. ब्लॉक टेस्ट करून घ्या: रेडिएटरच्या तोंडाशी आलेला वायू निळ्या द्रवातून ओढतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा पडतो. इथं तो निळाच राहिला. हीटरचे दोन्ही होज हाताळून बघा, पण पंख्यापासून हात लांब ठेवून: एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर कोअर तुंबलाय. आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. कूलंटला गुलाबीसर दुधट रंग दिसला तर गोष्ट वेगळी: ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरमधला ट्रान्समिशनचा कूलर फुटलेला असू शकतो, आणि मग ती गाडी चालवायची नाही.

खरं फ्लशिंग कसं असतं ते माहीत असलं की बिल वाचता येतं. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना आत सुमारे एक बार दाब असतो आणि झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं. ड्रेन करायचं, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. तोपर्यंत रेडिएटरमधलं पाणी ब्लॉकमधून फिरतच नाही, म्हणून पाच मिनिटं इंजिन चालवून केलेलं फ्लशिंग म्हणजे रेडिएटरला घातलेली आंघोळ. थंड होऊ द्यायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. दर फेरीला जुनं निम्मं होतं: तिसऱ्या फेरीनंतर आठवा हिस्सा, चौथीनंतर सोळावा. चार फेऱ्यांना १२ लिटर डिस्टिल्ड वॉटर लागतं, आणि मध्ये थंड होण्यात अर्धा दिवस सहज जातो. बिलात डिस्टिल्ड वॉटरची ओळच नसेल आणि गाडी तासाभरात हातात आली असेल, तर काय झालं ते उघड आहे.

शेवटचं भरताना रेडी टू यूज घालायचं नाही. ब्लॉकमध्ये तीन लिटर पाणी उरलेलं असतं. वर तीन लिटर ५० टक्क्यांचं मिश्रण ओतलं तर गाडीत २५ टक्केच ग्लायकॉल राहतं. इथं तीन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) लागतं, म्हणजे निम्मं-निम्मं जमतं. मग ब्लीड स्क्रूतून हवा काढायची, फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं आणि गार झाल्यावर पातळी बघायची. रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण मोजणारं यंत्र) गोठणबिंदू उणे ३५ ते ३७ च्या आसपास दिसायला हवा. गंजरोधक शिल्लक आहे की नाही ते हे यंत्र सांगत नाही, पण पाणी किती घातलंय ते लपू देत नाही. रंगीत पाणी विकलं असेल तर रेषा शून्याजवळ दिसते.

या गाडीला पुढं हीटर कोअरचे होज काढून कमी दाबानं उलट दिशेनं धुणं, नवा थर्मोस्टॅट आणि नवा रेडिएटर एवढंच लागलं. जास्त दाबाचं पाणी कोअरमध्ये सोडू देऊ नका, जोड फुटतो. गळती थांबवणारी पावडर तर अजिबात नको. तुंबलेल्या नळ्या ती आणखी तुंबवते.

वाटेत पातळी कमी झाली आणि योग्य कूलंट मिळत नसेल तर इंजिन गार झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घाला. सहा लिटरमध्ये अर्धा लिटर पाणी गेलं तर ५० टक्क्यांचं ४६ होतं, एवढंच. भलत्या जातीच्या कूलंटपेक्षा ते परवडतं.

सर्व्हिसला देण्याआधी रिझर्व्हॉयरचा फोटो काढा आणि थंड इंजिनातून दोनशे मिली नमुना काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा, गाडी परत आल्यावर दुसरा घ्या. दोन्हींवर तारीख आणि किलोमीटर लिहा. रिकामे कॅन परत मागा, बिलावर नुसतं ‘कूलंट’ न लिहिता ब्रँड, कोड आणि कॉन्सन्ट्रेट की रेडी टू यूज ते लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी वादापेक्षा हे कामाला येतं. नमुन्याची बाटली मात्र कुलपात ठेवा आणि जुनं कूलंट गटारात ओतू नका: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.